बेनी हसन: मिन्याजवळची चार थडगी, दोन तास आणि एक टॉर्च

इजिप्तमध्ये लक्झरची गर्दी टाळून थडग्यांतली प्राचीन चित्रं निवांत पाहायची असतील, तर बेनी हसनला पर्याय नाही. मिन्या शहराच्या दक्षिणेला साधारण 20 किलोमीटरवर, नाईलच्या पूर्व काठावर चुनखडीच्या कड्यात मध्य राजवटीतली, म्हणजे साधारण चार हजार वर्षांपूर्वीची 39 थडगी कोरलेली आहेत. पर्यटकांना त्यांतली चारच दाखवतात: 2, 3, 15 आणि 17. ती नीट पाहायला दोन तास हाताशी ठेवा.

कैरोहून मिन्यापर्यंत रेल्वेने चारेक तास लागतात. पुढे टॅक्सी ठरवताना थांबण्याचा वेळही भाड्यात धरून घ्या, नाहीतर चालक घाई करतो. या भागात परदेशी प्रवाशांसोबत कधीकधी पोलीस येतात, त्यात वेळ जातो. सुटे इजिप्शियन पाउंड जवळ असू द्यात. दारं उघडणारा रखवालदार ‘बक्षीस’ मागतो, शब्दही आपलाच.

पायऱ्यांची चढण उघड्या उन्हात आहे. थडग्यांची तोंडं पश्चिमेला असल्यामुळे दुपारनंतर आत उजेड चांगला येतो, पण तेव्हाच कडा तापलेला असतो. हिवाळ्यात दुपार, एरवी सकाळ आणि सोबत टॉर्च. फ्लॅश मात्र अजिबात नको.

बहुतेकांची चूक एकच: उन्हातून आत शिरतात, भिंती काळपट दिसतात आणि लगेच बाहेर पडतात. पाच मिनिटं नुसतं उभं राहा, रंग हळूहळू वर येतात. 3 क्रमांकाच्या, दुसरा ख्नुमहोतेप या स्थानिक अधिकाऱ्याच्या थडग्यात डाव्या हाताच्या भिंतीवर आशियातून आलेल्या अबिशा या म्होरक्याची टोळी शोधा: नक्षीदार कपडे, गाढवं, वीणेसारखं वाद्य. राजा दुसरा सेनुस्रेत याच्या कारकिर्दीच्या सहाव्या वर्षी 37 जण आल्याची नोंद लेखनिकाच्या हातातल्या पत्रावरच आहे. दारासमोरच्या भिंतीवरचं बाभळीचं झाड चुकवू नका. त्यावरचे हुदहुद आणि खाटीक पक्षी पिसांवरून ओळखता येतात.

15 क्रमांकाला, तिसरा बाकेत या स्थानिक सुभेदाराच्या थडग्याला, सर्वाधिक वेळ द्या. पूर्वेच्या भिंतीवर कुस्तीच्या सुमारे 220 जोड्या आहेत. एक मल्ल गडद, दुसरा फिका रंगवलाय, त्यामुळे पट काढताना कोणाचा हात कुठे आहे ते स्पष्ट कळतं. वरच्या रांगांसाठी छोटी दुर्बीण लागतेच.

टॅक्सी हाताशी असेल तर दक्षिणेला जवळच असलेलं, हत्शेपसुत या स्त्री-फॅरोने पाखेत देवीसाठी कोरवलेलं मंदिरही त्याच फेरीत उरकता येतं. ते भाड्यात आधीच ठरवा.