फोटोग्राफरचं ड्राय कॅबिनेट, आत अतिसंवाहक स्फटिक

रत्नागिरी-मालवणकडचे फोटोग्राफर लेन्सला बुरशी लागू नये म्हणून वापरतात, तसलंच हे 30 लिटरचं पेल्टिअर कॅबिनेट, म्हणजे विजेने एक पट्टी थंड करून तिच्यावर हवेतलं पाणी धरणारं. प्रश्न एवढाच, की वायबीसीओचे (यिट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजनचा अतिसंवाहक, म्हणजे पुरेसा थंड केला की विजेला विरोधच न करणारा पदार्थ) स्फटिक मिरगापासून गणपतीपर्यंत यात टिकतात का? नुसते ठेवले तर नाही.

वायबीसीओतलं बेरियम आधी वाफेशी आणि मग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी जुळून बेरियम कार्बोनेट होतं. जालकाची, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या रचनेची, कंपनं मोजायला फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवरच्या आयडी28 या क्ष-किरण केंद्रात वापरतात तो 17.8 केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचा क्ष-किरण या स्फटिकात जेमतेम काही डझन मायक्रॉनच शिरतो. त्यामुळे वरचा दोन-चार मायक्रॉनचा खराब पापुद्राही मापात घुसतो. त्याचं विखुरण शून्य ऊर्जेवर (ऊर्जेची देवघेव न होता) शिखर होऊन चढतं, आणि विभेदनक्षमता (यंत्र ऊर्जेतला किती बारीक फरक ओळखतं ते) 3 एमईव्ही (हजारांश इलेक्ट्रॉन-व्होल्ट) असेल तर 5 एमईव्हीच्या आसपासचे फोनॉन, म्हणजे तीच जालकाची कंपनं, त्याच्या पायथ्याशी बुडतात. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनात वायबीसीओत विद्युतभार-घनतेच्या लाटेपाशी (स्फटिकात इलेक्ट्रॉन ठरावीक अंतरावर कमीजास्त दाट होतात तिथे) असंच शून्य ऊर्जेचं शिखर दिसलं होतं, पण ते खरं, स्फटिकाचं स्वतःचं होतं. दमट स्फटिक घेऊन गेलात, तर खरं कुठलं आणि पापुद्र्याचं कुठलं, हे ठरवताना घाम फुटेल.

कॅबिनेटची हद्द 25 ते 60 टक्के आर्द्रता. खाली न जाण्यात कंपनीचा दोष नाही. 30 अंशांना 25 टक्क्यांचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसतं तो) सुमारे 8 अंश येतो. 10 टक्क्यांसाठी पट्टी शून्याखाली न्यावी लागते, मग पाणी वाहून जाण्याऐवजी बर्फ धरतं.

म्हणून आत रबरी सील असलेला काचेचा डबा ठेवा आणि त्यात 3ए मॉलिक्युलर सीव्ह (बारीक छिद्रांत पाणी शोषून धरणारे दाणे) घाला. सीव्ह आधी 250 ते 300 अंशांवर तापवून कोरडं केलेलं हवं. सिलिका जेल 120 अंशांवर परत तयार होतं, स्वस्त आहे, पण सीव्हइतकं खाली नेत नाही; ते डब्याबाहेर, कॅबिनेटच्या कप्प्यात ठेवा. वीज गेली की पेल्टिअरची पट्टी गरम होऊन धरलेलं पाणी परत आत सोडते. कोकणात वादळी पावसात वीज जाणं नवं नाही. आतला डबा तेव्हाच कामाला येतो.

स्क्रीनवरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. चार-पाच टक्क्यांची चूक असल्या आर्द्रतामापकात नेहमीचीच. साध्या मिठाचा ओला लगदा हवाबंद डब्यात मापकासोबत ठेवा, 25 अंशांना 75 टक्के दाखवायला हवेत. खालच्या टोकासाठी मॅग्नेशियम क्लोराइड घ्या, 33 टक्के.

सगळ्यात जास्त नुकसान डबा उघडताना होतं. बाहेर 28 अंश आणि 90 टक्के असतील तर दवबिंदू 26 च्या पुढे जातो. एसीतून आणलेला 23 अंशांचा स्फटिक लगेच भिजतो. डबा बंदच ठेवून तासभर बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. द्रव नायट्रोजनमधून काढलेल्या नमुन्याला तर कोरड्या नायट्रोजनच्या झोताशिवाय हवा दाखवूच नये.

दाराचं चुंबकी रबर खाऱ्या हवेत लवकर सैल पडतं. दारात कागदाची पट्टी धरून ओढून बघा. सहज निघाली तर रबर बदला. एवढी देखभाल जमत असेल तर घ्या.