झिओलाइटच्या नावाखाली चुनखडीचं पीठ, 75,740 रुपये गेले

दुष्काळी पट्ट्यातल्या सगळ्यांनी वाचा. आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, तिकडं माण-खटावपर्यंत पांढरी जीप घेऊन झिओलाइट, म्हणजे पाणी-खत धरून ठेवणारी दगडाची भुकटी, 'खनिज भूसुधारक' म्हणून विकणारी जोडगोळी फिरतेय. मला गंडा घातला. 62 पोती, पोत्याला 1,150 प्रमाणे 71,300. वर गाडीभाडं 3,200, हमाली 1,240.

मुरमाड रानात पाणी धरणार, दोन पाणी वाचणार, डाळिंबाची साइज वाढणार, हे नेहमीचंच. पण विकणाऱ्याच्या बोलण्यात अर्धं खरं होतं, म्हणून माणूस अडकतो. झिओलाइट आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात सापडतं, अमोनिया-पालाश धरूनही ठेवतं. हे मला आधी माहीत होतं. अडाण्यासारखा गेलो नव्हतो.

आता ती डबी. त्यानं ग्लासात चमचाभर दाणे टाकले, पाणी ओतलं, आणि थोड्या वेळानं ग्लास उलटा धरला तरी थेंब पडेना. आत भिजल्या साबुदाण्यागत फुगलेला पारदर्शक लगदा. दगडाची भुकटी अशी फुगते होय? लहान पोरांच्या डायपरमध्ये असतो तसला पॉलिमर होता तो. आणि दाणे काढले खिशातल्या प्लास्टिकच्या डबीतनं! शेजारी पोत्यांची थप्पी, पण पोतं फोडलं नाही. म्हणे, "अण्णा, सील तुटलं की कंपनी परत घेत नाही." पाऊस तोंडावर, बांधावर चार शेजारी नोटा मोजतायत, तिथं डबीकडं कोण बघणार?

पोत्यात निघाली पांढरी पिठूळ पावडर. लिंबू पिळलं, फसफसली. म्हणजे चुनखडी. झिओलाइट फसफसत नाही, जिप्समही नाही. पैसे द्यायच्या आधी लिंबू पिळा, तेही तुम्ही स्वतः निवडलेल्या पोत्यातल्या मालावर. माझ्या मातीचा सामू (pH) 8.3, मुक्त चुना 13 टक्के, म्हणजे रानात चुना आधीच जास्त, त्यानं झाडांवर केवडा, पानं पिवळी पडलेली. त्यात हे ओतलं.

कृषी कार्यालयातले साहेब म्हणतात, पोत्यावर 'खत' लिहिलेलं नाही, आमच्याकडं येत नाही. नमुना तरी घ्या म्हटलं, तर फोडलेल्या पोत्याचा घेता येत नाही म्हणे. न फोडता कळायचं कसं, ते साहेबांनीच सांगावं. पोलीस म्हणतात दिवाणी मामला आहे, पैसे तुम्ही स्वखुशीनं पाठवले. वकील म्हणतो पक्की पावती आणा. पक्की पावती देणारा असता तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? शेतसारा थकला की नोटीस मात्र घरपोच येते!

पैसे कंपनीच्या खात्याऐवजी कुणाच्या खासगी नंबरवर मागितले की तिथंच थांबा. उद्या हेच लोक जिप्सम घेऊन येतील. जिप्सम हे वाळवा-मिरजेकडच्या चोपण, म्हणजे सोडियम साठून घट्ट झालेल्या रानांचं औषध, चुनखडीच्या रानात घालून फारसं काही हाती लागत नाही. आधी माती तपासा, मग पोतं.

कच्ची पावती, जीपचा फोटो, काही असेल तर जपून ठेवा. सोमवारी मी तहसीलला परत चाललोय. एकट्याचा अर्ज टेबलाखाली जातो, पाच-सहा जणांचा जात नाही. येणाऱ्यांनी आपल्या पोत्यातली मूठभर पावडर सोबत आणा, लिंबं मी आणतो.