बाओफेंग यूव्ही-५आर: क्लबच्या नव्या सदस्यासाठी, गोव्याच्या हवेत

हॅम म्हणजे हौशी रेडिओची परीक्षा पार पडली, परवाना आला, व्हीयू३ने सुरू होणारं कॉलसाइन (हवेतलं ओळखनाव) मिळालं की हॅम क्लबमधल्या नव्या सदस्याचा पहिला प्रश्न असतो: सेट कोणता घेऊ? बहुतेकांची नजर बाओफेंगच्या यूव्ही-५आर या वॉकीटॉकीवर असते. स्वस्त आहे, हातात मावतो, १४५ आणि ४३५ मेगाहर्ट्झजवळचे दोन्ही बँड आहेत. घ्यावा का? घ्यावा. पण त्याच्यासोबत येणाऱ्या रबरी अँटेनावर गोव्यात विसंबू नये, आणि आठ वॅटच्या मॉडेलसाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी ते अँटेनाला लावावेत.

चार वॅटचे आठ केले की फरक पडतो ३ डीबीचा, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस मीटरवर अर्धं घर. अँटेनाची उंची याहून कितीतरी जास्त देते. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, त्याला ४.१२ने गुणा, दोन्ही टोकांची बेरीज करा. हे झालं थेट संपर्काचं किलोमीटरमधलं अंतर. कोलव्याच्या वाळूत दोघं उभे असतील, अँटेना दीड-दीड मीटरवर असतील, तर दहा किलोमीटर. त्यातली एक गच्चीवर ९ मीटरला चढवली की सतरा. आणि हा सपाटीचा हिशेब. गोव्यात सपाटी किनाऱ्यापुरती, आत सडे (खडकाळ पठारं) आणि दऱ्या. सड्यावर स्वच्छ ऐकू येणारा रिपीटर (आपला सिग्नल घेऊन पुढे पाठवणारं स्टेशन) ओहळाकाठच्या वाड्यावर उतरलं की गप्प होतो, तिथे वॅट कामाला येत नाहीत. पावसात भिजलेली झाडी ४३५ मेगाहर्ट्झचा सिग्नल दोन मीटरच्या बँडपेक्षा जास्त खाते, म्हणून कुळागरातून (माड-पोफळीच्या बागेतून) बोलायचं तर दोन मीटरवर, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्येच राहावं.

सगळ्यात स्वस्त सुधारणा म्हणजे ४९ सेंटिमीटर वायरचा तुकडा. त्याचं एक टोक अँटेनाच्या बुडाशी, कनेक्टरच्या बाहेरच्या धातूला घट्ट लावायचं आणि वायर खाली लोंबती सोडायची. रबरी अँटेनाला तिचा गहाळ असलेला दुसरा अर्धा भाग मिळतो. वायर मधल्या पिनेला मात्र टेकू देऊ नये.

घरासाठी ग्राउंड प्लेन अँटेना (एक उभी सळी, खाली चार तिरप्या) घरीच करावी. केबल जोडायला एक एसओ-२३९ सॉकेट, ३ मिलिमीटरची पितळी सळी, स्टेनलेसचे चार स्क्रू. उभी सळी ४९ सेंटिमीटर, खालच्या चार ५१ ते ५२, आणि त्या ४५ अंशांत खाली वाकवलेल्या. असं केल्याने अँटेनाचा इंपीडन्स (विद्युत अवरोध) सेटला हव्या त्या ५० ओहमजवळ येतो. उभी सळी आधी ५१ला कापावी आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते याचं माप) बघत दोन-तीन मिलिमीटर कमी करत जावं. सगळ्यात कमी एसडब्ल्यूआर १४५ मेगाहर्ट्झच्या खाली मिळत असेल तर सळी अजून लांब आहे. १.५च्या आत आला की थांबावं. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने एवढी सळी तापत नाही. जोड वरून चकचकीत दिसतो, आतून कोरडा राहतो आणि पुढे निखळतो. ६० वॅटचं किंवा त्याहून मोठं आयर्न वापरा.

केबलमध्ये कंजुसी करू नये. आरजी-५८ ही बारीक केबल १४५ मेगाहर्ट्झला मीटरमागे सुमारे ०.२ डीबी खाते. १५ मीटर टाकली की चारातले दोन वॅट केबलमध्येच गेले. जाड आरजी-२१३ तेवढ्याच लांबीत साधारण दीड डीबीच्या आत राहते. जाड केबल थेट सेटला लावली तर तिच्या वजनाने सेटचं सॉकेट हलतं, म्हणून मध्ये हातभर बारीक केबल ठेवावी. आणि सेटवरचं टोक पिनेचं आहे. अँटेना किंवा अडॅप्टर घेताना एसएमए या छोट्या कनेक्टरचं फीमेल, म्हणजे भोकाचं टोक मागावं. इथे बरेच जण चुकतात.

खारी हवा आणि पाऊस या दोघांपुढे जोड उघडा राहता कामा नये. आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप, वर पीव्हीसी टेप. गुंडाळी खालून वर न्यावी, म्हणजे प्रत्येक वेढा मंगलोरी कौलांसारखा खालच्यावर चढतो आणि पाणी आत शिरत नाही. केबल घरात शिरण्याआधी खाली एक लोंबता वळसा सोडावा. एकदा पाणी केबलमधल्या तारांच्या जाळीत शिरलं की ते वातीसारखं पुढे सरकत जातं, तांबं काळं-हिरवं होतं. मग कनेक्टर बदलून भागत नाही, केबलच कापावी लागते. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम थेट एकमेकांवर कसू नये, समुद्राकाठी अ‍ॅल्युमिनियम झिजतं. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा असतात, तेव्हा केबल काढून घराबाहेर ठेवलेली बरी.

बाहेरची अँटेना लावली की या सेटची खरी मर्यादा दिसते. रिसिव्हर एकाच चिपचा आहे, पुढे गाळणी नावापुरती. पणजीत आल्तिनोसारख्या, मनोऱ्यांच्या जवळच्या जागी मोठी अँटेना जोडली की तीव्र सिग्नलखाली सेट बधिर होतो आणि कमजोर स्टेशन बुडतं. अशा जागी रबरी अँटेनाच बरी चालते. क्लबच्या नेटचं (ठरल्या वेळी सगळ्यांनी हवेत भेटण्याचं) नियंत्रण याच्यावर करू नये.

रिपीटरचा चॅनेल सेटमध्ये भरताना एक पायरी हमखास सुटते. टीडीआर, म्हणजे पडद्यावरच्या दोन्ही ओळी आळीपाळीने ऐकणं (मेन्यू ७), बंद करा, व्हीएफओमध्ये (फ्रीक्वेन्सी थेट टाकायच्या मोडमध्ये) वरच्या ओळीवर रिपीटरची आउटपुट फ्रीक्वेन्सी टाका. मेन्यू २६मध्ये ऑफसेट, म्हणजे ऐकण्या-पाठवण्याच्या फ्रीक्वेन्सीतला फरक, ००.६००, २५मध्ये त्याची दिशा, १३मध्ये रिपीटर उघडणारा टोन. चॅनेल आधीच भरलेला असेल तर २८ने पुसा, मग २७ने साठवा. इथे थांबलात तर चॅनेल सिम्प्लेक्स, म्हणजे ऐकणं-पाठवणं एकाच फ्रीक्वेन्सीवर, राहतो: ऐकू येतं, पण रिपीटर उठत नाही. स्टार स्कॅन बटण दाबून इनपुट फ्रीक्वेन्सी दाखवा, त्याच चॅनेलवर २७ने पुन्हा साठवा आणि बटण परत दाबून बाहेर या. टीडीआर चालू राहिला तर शेवटी जी ओळ वाजली तिच्यावर आपलं ट्रान्समिशन जाऊ शकतं, हे नव्या माणसाला कळतही नाही. आवाज बारीक जातो अशी तक्रार आली तर आधी मेन्यू ५ पाहा, नॅरोवर (अरुंद बँडविड्थवर) असेल.

संगणकावरून भरायचं तर चर्प हे सॉफ्टवेअर उत्तम. आधी सेटमधलं वाचून त्याची प्रत जपून ठेवावी, दुसऱ्याच्या सेटची फाइल तशीच ओतू नये. सेट संगणकाला जोडणारी केबल नकली प्रॉलिफिक चिपची असेल तर नवं विंडोज ती नाकारतं; एफटीडीआय चिपची घ्या. केबलचा प्लग सेटमध्ये ‘टक्’ होईपर्यंत आत जात नसेल तर त्याच्या प्लास्टिकची कड मिलिमीटरभर छाटावी. ‘सेट उत्तर देत नाही’ असं दिसण्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

हा सेट १३६ ते १७४ मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही ट्रान्समिट करतो, आणि गोव्यात ही गोष्ट गंभीरपणे घ्यायला हवी. १५६.८०० हा सागरी चॅनेल १६ आहे. मुरगाव बंदर, तटरक्षक दल आणि मच्छीमार होड्या यांचा संकटकाळचा आवाज तिथे असतो. हॅम परवाना तिथे पीटीटी (बोलायचं बटण) दाबायची मुभा देत नाही. चर्पमध्ये अशा चॅनेलचं ड्युप्लेक्स ‘ऑफ’ करून ठेवावं, म्हणजे तिथे ट्रान्समिट होत नाही.

मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळाने झाडं आणि विजेचे खांब पाडले, वीज गेली. अशा वेळी १८०० मिलीअँपिअर-अवरची बॅटरी जपूनच वापरावी लागते. जिथे जमेल तिथे लो पॉवर, आणि एक भरलेली जादा बॅटरी. पेन्सिल सेलची पेटी मिळते, पण छोटे अल्कलाइन सेल हाय पॉवरचा करंट नीट देत नाहीत. तिच्यावर लोच ठेवा. गाडीच्या १२ व्होल्टवर चालवणारा एलिमिनेटर (बॅटरीच्या जागी बसणारा अडॅप्टर) क्लबच्या पेटीत असायलाच हवा.

शाळेतल्या मुलांना दाखवायला मात्र हा सेट फार गोड आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा रिपीटर चालू असेल त्या दिवशी मिरामारच्या किनाऱ्यावर उभं राहावं, पश्चिमेचं क्षितिज तिथे मोकळं मिळतं. पाठवायचं १४५.९९०वर ६७ हर्ट्झ टोन लावून, ऐकायचं ४३७.८००वर. डॉप्लरमुळे, म्हणजे स्थानकाच्या वेगाने फ्रीक्वेन्सी सरकते म्हणून, ऐकण्याचे पाच चॅनेल भरून ठेवावेत: ४३७.८१०, .८०५, .८००, .७९५, .७९०. स्थानक वर येताना पहिला, डोक्यावर तिसरा, उतरताना शेवटचा. पाठवणं पाचही चॅनेलांवर तेच. बोलताना आपला परतीचा आवाज या सेटवर ऐकू येत नाही, म्हणून कॉलसाइन एकदाच सांगावं आणि बटण सोडावं.