समोर कोणी नसताना जर्मन बोलण्याचा सराव: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी आमचा जर्मनच्या ए-टू, म्हणजे प्राथमिक पातळीचा ऑनलाइन वर्ग संपला आणि ज्या मैत्रिणीबरोबर मी आठवड्यातून दोनदा फोनवर जर्मन बोलत असे, तिने नोकरी बदलल्यामुळे शिकणेच सोडून दिले. नाशिकमध्ये माझ्या ओळखीत जर्मन बोलणारे दुसरे कोणी नव्हते आणि त्यापुढच्या बी-वन पातळीची परीक्षा तर द्यायची होती. म्हणून पुढचे आठ महिने रोज साधारण चाळीस मिनिटे मी एकटीनेच बोलण्याचा सराव केला. माझे मत आधीच सांगून टाकते. एकट्याने बोलून जीभ सुटते, उच्चार सुधारतात, वाक्ये सुचू लागतात. मात्र प्रश्न विचारण्याची आणि समोरच्याचे अर्धवट कळलेले बोलणे सावरून घेण्याची सवय त्यातून लागत नाही, आणि ही उणीव किती मोठी आहे हे मला परीक्षेच्या खोलीत बसेपर्यंत नीटसे कळले नव्हते.

सर्वांत उपयोगी पडले ते फोनमधले साधे ध्वनिमुद्रण. रोज एक विषय घ्यायचा, दोन मिनिटे न थांबता बोलायचे, लगेच ऐकायचे आणि तोच विषय पुन्हा एकदा बोलायचा, इतकाच नेम होता. पहिल्या दिवशी ‘माझे घर’ या विषयावर बोललेली दोन मिनिटे ऐकली, तेव्हा त्यात मी अकरा वेळा ‘म्हणजे’ म्हटले होते. जर्मन वाक्याच्या मधोमध चक्क मराठी ‘म्हणजे’, आणि बोलताना मला त्याची जाणीवही नव्हती. अडखळल्यावर जर्मन माणसे ‘आल्झो’ किंवा ‘ना या’ म्हणतात. हे शब्द ठरवून तोंडात बसवायला मला दीड महिना लागला. परंतु त्यानंतर अडखळणेसुद्धा जर्मनमध्ये होऊ लागले, आणि त्याने बोलण्याचा ओघ टिकतो. स्वतःचा आवाज ऐकणे पहिले पंधरा दिवस फार नकोसे वाटते, याची तयारी ठेवावी.

उच्चारांसाठी मी फोनमधील बोलून टंकलेखन करण्याची सोय जर्मन भाषेवर लावून वापरली. ‘श्योन’ म्हणजे सुंदर आणि ‘शोन’ म्हणजे आधीच. मी ‘सुंदर’ म्हणत असे आणि पडद्यावर प्रत्येक वेळी ‘आधीच’ उमटत असे. हा स्वर काढण्याची युक्ती अशी की तोंडात ‘ए’ म्हणायचा आणि ओठ मात्र ‘ओ’साठी करतो तसे गोल ठेवायचे, त्याचा जोडीदार स्वर ‘ई’ म्हणताना ‘ऊ’चे ओठ ठेवून निघतो. आरशासमोर उभे राहून तीन आठवडे हेच केल्यावर पडद्याने एकदाचे ‘सुंदर’ लिहिले. या सोयीत एक मोठी खोट मात्र आहे. ती व्याकरणाच्या चुका गुपचूप दुरुस्त करते. ‘एक’ या शब्दाच्या ‘आइनन’ या रूपाच्या जागी मी ‘आइन’ म्हटले तरी पडद्यावर पुष्कळदा बरोबर रूप येत असे, त्यामुळे शब्दांची शेवटची अक्षरे तपासण्यासाठी तिच्यावर विसंबू नये.

मराठी भाषकाला काही गोष्टी आयत्या मिळतात, आणि वर्गात त्या कोणी सांगत नाही, कारण वर्ग इंग्रजीतून चालतो. जर्मन झेड पाहिला की आपण इंग्रजीच्या सवयीने ‘झ’ म्हणतो. वास्तविक तो ‘चांगला’ या शब्दातला च आहे, ‘चार’मधला नव्हे. ‘डॉइच’ या शब्दाच्या शेवटी येतो तो ‘चार’मधला. शब्दाच्या अखेरीस येणारा दुबळा ‘ए’ आपल्या ‘केलं’, ‘गेलं’मधल्या शेवटच्या स्वराच्या फार जवळ जातो. शब्दाच्या शेवटी येणारे ग, ड, ब कठोर होतात, म्हणून दिवसाला ‘टाक’ म्हणायचे आणि ‘आणि’ या अर्थाचे अव्यय जवळजवळ आपल्या उंटासारखे ऐकू येते. माझ्या धाकट्या भाच्याला हा शोध इतका आवडला की तो महिनाभर मला ‘उंटमावशी’ म्हणत होता.

वाक्यरचनेतही तेच. ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’ असे जोडवाक्य सुरू झाले की क्रियापद शेवटी जाते: ‘वाइल इश हॉयटं काइनं त्साइट हाबं’, म्हणजे ‘कारण मला आज वेळ नाही’, यात ‘हाबं’ हे क्रियापद. मी इंग्रजीतून विचार करत होते तोवर ‘हाबं’ हटकून आधी येत असे. मराठीत क्रियापद शेवटी येण्याचे आपल्याला काही नवल नाही, हे लक्षात आल्यावर मी गौण वाक्ये मराठीतून रचू लागले आणि ही चूक पंधरवड्यात निम्म्यावर आली. अंकांचेही तसेच: सत्तेचाळीसमध्ये आपण सात आधी आणि चाळीस नंतर म्हणतो, जर्मनही ‘सात आणि चाळीस’ असेच म्हणतात. घड्याळ मात्र दगा देते. साडेसातला ते ‘हाल्प आख्ट’, म्हणजे ‘अर्धे आठ’ म्हणतात. आपण सात उलटून गेल्याचे सांगतो, ते आठच्या वाटेवर असल्याचे सांगतात. तीन लिंगे असल्याचा दिलासा तर मुळीच धरू नये. पुस्तक दोन्हीकडे नपुंसकलिंगी आहे, पण खिडकी तिकडे नपुंसकलिंगी, दार स्त्रीलिंगी आणि सूर्य तर चक्क ‘ती’.

ऐकता ऐकता मागोमाग बोलण्यासाठी मी डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या, शिकणाऱ्यांसाठी सावकाश वाचलेल्या बातम्या वापरल्या. त्यांचा मजकूरही सोबत मिळतो, ही मोठी सोय आहे. वाक्यात आवाज कुठे चढतो आणि कुठे उतरतो, हे मला यातूनच समजले. पण बातम्यांची भाषा ती बातम्यांचीच. तीन महिन्यांनी माझ्या लक्षात आले की मी मंत्रिमंडळाच्या निर्णयाविषयी अस्खलित बोलू शकते आणि पावाच्या दुकानात दोन पाव मागताना अडते.

म्हणून स्वयंपाक करताना जे करते आहे ते बोलून दाखवायला सुरुवात केली: कांदा चिरते, कुकरची शिटी झाली, मीठ संपले. शब्दसंपत्ती झपाट्याने वाढली. पण एका रविवारी आठवडाभराची ध्वनिमुद्रणे सलग ऐकली, तेव्हा प्रत्येक वाक्य ‘इश’ने, म्हणजे ‘मी’ने सुरू होणारे आणि वर्तमानकाळातले निघाले. भूतकाळाची सोय रात्री झोपण्यापूर्वी दिवसाची हकिकत सांगून झाली. प्रश्नांची होईना. एकटा माणूस कोणाला काय विचारणार? ‘डू’ आणि ‘झी’, म्हणजे आपले ‘तू’ आणि ‘आपण’, माझ्या तोंडून आठ-आठ दिवस निघत नसत. मग मी दोन खुर्च्या मांडून डॉक्टरांची वेळ मागणारी आणि वेळ देणारी अशा दोन्ही भूमिका करू लागले. घरच्यांना हसू आले, ते साहजिकच होते. उपयोग झाला, पण मर्यादितच, कारण समोरची बाई काय बोलणार हे मला आधीच ठाऊक असे.

ती उणीव भरून काढण्यासाठी दोन महिने पैसे भरून एक संभाषणाचे ॲप घेतले. ते तासन्‌तास न कंटाळता बोलते, कोणत्याही विषयावर प्रश्न विचारते, ही जमेची बाजू. पण ते माणसापेक्षा फारच समजूतदार आहे. मी कितीही मोडके बोलले तरी त्याला अर्थ कळतो, ते मध्ये तोडत नाही, पुटपुटत नाही आणि आपले वाक्य पूर्ण होईपर्यंत अदबीने थांबते. शिवाय मी रद्द केलेली वर्गणी तिसऱ्या महिन्यातही कापली गेली आणि ते पैसे परत मिळवायला चार पत्रे लिहावी लागली.

परीक्षा मी पुण्याला दिली. बी-वनच्या तोंडी भागात दोन परीक्षार्थी एकत्र बसतात आणि तयारीला पंधरा मिनिटे मिळतात. मग दोघांनी मिळून एखादी गोष्ट ठरवायची, नंतर प्रत्येकाने एक विषय मांडायचा आणि अखेरीस एकमेकांना प्रश्न विचारायचे. विषयाची मांडणी माझी उत्तम झाली. विषयाची ओळख, स्वतःचा अनुभव, आपल्या देशातली स्थिती, फायदे-तोटे आणि समारोप हा पाच टप्प्यांचा साचा मी शेकडो वेळा ध्वनिमुद्रित केला होता. घसरगुंडी झाली ती पहिल्या भागात. आजारी सहकाऱ्याला भेटायला कधी जायचे हे ठरवताना शेजारच्या तरुणाने माझे वाक्य अर्ध्यावर तोडून वेगळाच दिवस सुचवला, तोही भरभर. मला ‘डॉनर्सटाक’, म्हणजे गुरुवार, एवढेच ऐकू आले आणि ‘कृपया पुन्हा सांगाल का’ हे साधे वाक्य, जे पहिल्याच महिन्यात शिकले होते, ते आठवायला मला चार-पाच सेकंद लागले. शंभरपैकी साठ गुण उत्तीर्ण होण्यास लागतात. मला बोलण्यात चौऱ्याहत्तर मिळाले.

ज्याने अजून एकही पातळी शिक्षकाकडे पूर्ण केलेली नाही, त्याने ही वाट धरू नये, असे मला वाटते. चुकीचा उच्चार एकट्याने घोटला तर तो इतका पक्का होतो की मागाहून निघत नाही. ज्याला नियम येतात पण तोंड उघडत नाही, त्याच्यासाठी ध्वनिमुद्रणाचे चाळीस मिनिटे पुरेसे आहेत आणि त्याला खर्चही नाही. मी आता ॲप बंद केले आहे. ते पैसे महिन्यातून दोनदा एका शिक्षिकेबरोबर तासभर बोलण्यासाठी ठेवले आहेत आणि त्यांना सांगून ठेवले आहे की माझे बोलणे मध्येच तोडावे. त्या फार सज्जन आहेत, अजून त्यांना ते जमत नाही.