शेरूच्या हार्टचा इको, इंदूरमधल्या क्लिनिकचा अनुभव

आमचा शेरू, डॅशहाउंड, वय साडेदहा, रामबागेत आमच्या गल्लीत सगळे ओळखतात त्याला. दिवाळीनंतर रात्री खोकायला लागला. आधी ज्या डॉक्टरांकडे न्यायचो तिथे दोन महिने नुसतं खोकल्याचं औषध चालू होतं, छातीला स्टेथोस्कोप एकदाही लावला नाही, याचा राग अजून गेलेला नाही माझा. मग शेजारच्या काकूंनी विजयनगरकडचं हे क्लिनिक सांगितलं, इथे कुत्र्यांचा इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, होतो.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी आधी छाती नीट ऐकली आणि म्हणाल्या मर्मर आहे, म्हणजे ठोक्यांबरोबर जास्तीचा सळसळ आवाज, सहापैकी चौथ्या ग्रेडचा. इकोच्या टेबलाला मधे भोक असतं, शेरूला कुशीवर निजवून खालून प्रोब लावला, भूल वगैरे काही नाही, मी त्याचे पुढचे पाय धरून कानाशी बोलत राहिले. स्क्रीनवर मला सगळं दाखवलं, ही मायट्रल झडप, जाड झालीये, नीट मिटत नाही म्हणून रक्त उलटं वरच्या डाव्या कप्प्यात जातं, तो कप्पा फुगलाय. स्टेज बी-टू, म्हणजे हार्ट मोठं झालंय पण फेल्युअर अजून नाही. लहान जातीच्या कुत्र्यांना उतारवयात हा आजार फार होतो म्हणे, आम्हाला कुणी कधी बोललंच नव्हतं.

मी लगेच ऑपरेशनचं विचारलं. दुसरं कुणी असतं तर टाळलं असतं, यांनी खुर्ची ओढून बसून समजावलं. हार्ट थांबवून, हार्ट-लंग मशीनवर घेऊन, झडपेच्या तुटलेल्या दोऱ्यांच्या जागी गोरटेक्स नावाच्या कृत्रिम धाग्याचे दोरे शिवतात आणि झडपेभोवतीचं सैल झालेलं कडं आवळतात. जपानमध्ये योकोहामाच्या डॉ. मासामी उएचींनी हे काम खूप पुढे नेलंय, लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमध्येही झालंय. दुसरा मार्ग व्ही-क्लॅम्पचा, हार्ट चालू असतानाच छोट्या चिरेतून आत जाऊन झडपेला क्लिप लावायची. पण एवढी टीम आणि मशीन इथे नाही, हेही सरळ सांगितलं, खोटी आशा लावली नाही, मला तेच सगळ्यात आवडलं.

सध्या पिमोबेंडन ही हार्टची गोळी, दिवसातून दोनदा, जेवणाच्या तासभर आधी. २०१६ च्या एपिक अभ्यासात याच स्टेजच्या कुत्र्यांमध्ये या गोळीने हार्ट फेल्युअर साधारण १५ महिने लांबलं होतं. आणि झोपेतले श्वास मोजायचे, मिनिटाला ३० च्या वर सतत जायला लागले तर लगेच फोन. आता रोज रात्री आई मोबाईलवर मिनिट लावून शेरूच्या पोटाकडे बघत बसते आणि कॅलेंडरवर आकडा लिहिते, काल २४ होते.

तक्रार एकच, अपॉइंटमेंट असूनही सव्वा तास बसवलं, त्यात वेटिंगमध्ये मोठे कुत्रे भुंकत होते, हार्टच्या पेशंटसाठी वेगळी खोली हवीच. रिपोर्टही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला. इकोचे अडीच हजार घेतले, मला जास्त नाही वाटले.

सकाळची पहिली वेळ मागून घ्या, आणि घरची चादर न्या, ते टेबल फार गार असतं.