उंबराची मुळं आणि तुंबलेलं ड्रेनेज: साफ करत राहायचं, झाड तोडायचं की पाइप बदलायचा?

मागच्या अंगणातलं चेंबर वर्षात तिसऱ्यांदा तुंबलं, तेव्हा प्लंबरने बांबूच्या पट्टीने हातभर लांब तपकिरी शेपूट बाहेर ओढलं. केसांसारख्या मुळांचा गुंता, गोलाई नेमकी चार इंची पाइपाची. "काका, तो उंबर काढून टाका," त्याने निकाल देऊन टाकला.

तुमच्याकडेही असंच चाललं असेल, तर आधी खात्री करा. लागोपाठची दोन चेंबरं उघडा आणि घराकडच्या चेंबरात बादलीभर पाणी ओता. तिथे पाणी चढलं आणि पुढचं कोरडंच राहिलं, तर अडथळा त्या दोघांच्या मधे. दर काही महिन्यांनी तिथेच तुंबत असेल आणि जवळ वड, पिंपळ किंवा उंबर असेल, तर संशय मुळांवर घ्यायला हरकत नाही.

मूळ धडधाकट पाइप सहसा फोडत नाही. जुन्या घरांत स्टोनवेअरचे (भाजलेल्या मातीचे) दोन-तीन फुटी तुकडे सिमेंटने जोडलेले असतात. जमीन थोडी खचली की जोडाला चीर पडते, ओल झिरपते आणि मूळ तिकडे वळतं. आत पाणी आणि खत आयतंच.

पट्टी मारणं किंवा जेटिंग (जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने सफाई) त्याच दिवशी आटोपतं, खर्चही कमी. पण छाटलेलं मूळ पुन्हा फुटतं, चीर तशीच राहते. घर लवकरच पुनर्विकासाला जाणार असेल, तर एवढंच करा. मुळं मारायला मोरचूद ओतायचा सल्ला हमखास मिळेल. पण सेप्टिक टँक असेल तर मोरचुदाने त्यातले जिवाणूही मरतात. आणि सफाईसाठी माणसाला आत उतरवू नका. जीव जातो, शिवाय २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.

झाड तोडायला शहरात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. २०२१ पासून ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्षात मोडतं. परवानगी मिळाली तरी चिरलेला जोड चिरलेलाच, मैलापाणी जमिनीत मुरतच राहणार. वर बुंध्याला फुटवे येतात ते वेगळेच.

राहता राहिला पाइप बदलणं. खर्च मोठा, फरशी उखडते, दोन-तीन दिवस शेजाऱ्यांच्या संडासाचा आधार घ्यावा लागतो. तरीही घरात आणखी दहा वर्षं काढायची असतील, तर माझं मत यालाच. बदलायचा तर चेंबर ते चेंबर, अख्खा. मधलाच तुकडा पीव्हीसीचा टाकला, तर दोन्ही टोकांना पुन्हा कच्चे जोड. चार इंची पाइपाला साधारण चाळीस फुटांना एक फूट ढाळ हवा. खरी गोम मात्र चेंबरच्या भिंतीत आहे. गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट धरत नाही, बारीक फट राहते आणि मूळ तिथूनच शिरतं. म्हणून भिंतीत जाणाऱ्या भागाला पीव्हीसी चिकटवायचं सोल्युशन लावून वर कोरडी वाळू चिकटवायची, वाळली की मगच गिलावा. आमचा प्लंबर हे न करताच खड्डा बुजवायला निघाला होता. वाळू मी चाळून दिली.

खणताना उंबराची मनगटाएवढी दोन मुळं आडवी आली. ती वाचवायला नवं चेंबर दोन फूट कंपाउंडकडे सरकवून बांधलं.