चुंबक लावून ‘डाय बनावट आहे’ असे सांगणाऱ्यापासून सावध राहा

पाळीव प्राण्यांचे खाद्य बनवणाऱ्या छोट्या कारखानदारांसाठी हे लिहीत आहे. लिहिताना लाज वाटते आणि संतापही आवरत नाही. मशीनचा बिघाड शोधून देतो असे सांगत आलेल्या एका माणसाने माझ्याकडून १,१२,६५० रुपये नेले आणि त्याबरोबर मशीनची चांगली डायही, म्हणजे ज्या भोकांच्या पोलादी कड्यातून रोलर माल दाबून गोळ्या काढतात ते कडे, नेली.

आमच्याकडे कुत्र्यांसाठी आणि सशांसाठी दाबून केलेल्या गोळ्या तयार होतात. मशीन रिंग डायचे, मोटर ३० एचपीची, वाफेसाठी लहान बॉयलर. पावसाळ्यात गोळ्या मऊ पडू लागल्या, चाळणीखाली चुरा वाढला आणि डाय वारंवार चोक होऊ लागली. ऑर्डर तुंबल्या होत्या, मशीन विकणारी कंपनी फोन उचलत नव्हती आणि बँकेचा हप्ता थांबत नव्हता. अशा वेळी ओळखीच्या व्यापाऱ्याने नंबर दिलेल्या माणसावर विश्वास ठेवला, यात मला आजही काही गैर वाटत नाही.

त्याने भेटीचे ३,५०० रुपये आधी घेतले. मशीन उघडले, खिशातून चुंबक काढून डायला लावले, ते चिकटताच मान हलवली आणि म्हणाला, “साहेब, ही स्टेनलेस नाहीच. तुम्हाला लोकल डाय दिली आहे.” स्टीलच्या चांगल्या भांड्याला चुंबक चिकटत नाही हे आपल्याकडे घराघरांत ठाऊक असते, त्यामुळे मला ते पटले. परंतु भांड्यांचे स्टील वेगळे आणि डायचे वेगळे. डायसाठी सुमारे १३ टक्के क्रोमियमचे, उष्णतेने कठीण करता येणारे स्टील वापरतात आणि त्याला चुंबक चिकटतेच. म्हणजे त्याने दाखवलेला ‘पुरावा’ कोणत्याही अस्सल डायवर तसाच दिसला असता. ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती, तर पुढचे काहीच घडले नसते.

मात्र संशय यावा असा क्षण त्याच्याही आधी येऊन गेला होता आणि तोच आजही डोक्यातून जात नाही. त्याने मशीन मालावर चालवून पाहिलेच नाही. माल चालू असताना आमच्या अॅमीटरचा (मोटर किती विद्युतप्रवाह खेचते ते दाखवणाऱ्या मीटरचा) काटा चाळीसच्या आसपास असे आणि चोक होण्यापूर्वी तो एकदम खाली येई, म्हणजे रोलर मालावर घसरत होते. हे मी त्याला स्वतः सांगितले, तरी त्याने अॅमीटरकडे पाहिले नाही, कंडिशनरमधून, म्हणजे मालात वाफ मिसळण्याच्या भागातून, बाहेर पडणारे मिश्रण मुठीत दाबून पाहिले नाही, वाफेच्या लाइनकडे तर फिरकलाही नाही. बंद मशीनसमोर उभे राहून जो निदान सांगतो, त्याला त्याच पावली परत पाठवा.

नव्या डायचे ६८,००० रुपये, रोलर शेलच्या जोडीचे १८,४०० रुपये, गिअरबॉक्सचे बेअरिंग आणि ऑइल सील यांचे २२,७५० रुपये असे त्याने टप्प्याटप्प्याने घेतले. जुनी डाय ‘एक्स्चेंज’ म्हणून गाडीत टाकली. नवी डाय थोड्याच दिवसांत झिजली, तिची भोके लांबट झाली आणि गोळ्या पूर्वीसारख्याच फुटत राहिल्या. त्यानंतर त्याचा फोन बंद झाला.

खरा दोष बॉयलरवाल्या मेस्त्रीने वाफेची लाइन तपासताच सापडला. वाफेच्या लाइनमधले पाणी बाहेर काढणारा स्टीम ट्रॅप निकामी झाला होता, वाफेबरोबर पाणी मिश्रणात जात होते आणि ओल्या मालावर रोलर घसरत होते. नवा ट्रॅप ३,२०० रुपयांना बसला. मिश्रणाचे तापमान ७५ ते ८० अंश आणि ओलावा १६–१७ टक्के येताच गोळी पुन्हा कडक झाली, तीही त्या झिजलेल्या डायवर. आधी ओलावा, मग वाफ, मग रोलर आणि डाय यांतील फट, या क्रमाने तपासल्याशिवाय डायला हात लावू देऊ नका. सुटा भाग बाहेर जाणार असेल, तर त्यावर कोरलेल्या क्रमांकाचा फोटो आणि सहीची पावती घेतल्याशिवाय तो फाटकाबाहेर सोडू नका.

यानंतर पोलिसांकडे गेलो. “हा दिवाणी वाद आहे, न्यायालयात जा,” असे सांगून माझा अर्ज नुसता ठेवून घेतला. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे ना, असे विचारल्यावर “तुम्ही पैसे स्वतःहून दिलेत” हे उत्तर मिळाले. फसवणुकीत माणूस पैसे स्वतःहूनच देतो, नाहीतर त्याला चोरी म्हटले असते! बँकेचेही तेच म्हणणे, की व्यवहार तुम्हीच मंजूर केला. लघुउद्योगांसाठीच्या ‘समाधान’ पोर्टलकडे वळलो, तर ते माल विकून पैसे अडकलेल्यांसाठी आहे, खरेदीत बुडालेल्यांसाठी नाही. प्रत्येक खिडकीवर कागद मागितले आणि प्रत्येक खिडकीने पुढची खिडकी दाखवली. बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला, तेव्हा ती नोंदणी रद्द झालेली निघाली. ही तपासणी कोणालाही फुकट करता येते, ती पैसे देण्यापूर्वीच करा. बिल ज्या नावाने आहे त्याच नावाच्या खात्यात पैसे भरा.

ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवता येते. मी ती पाठवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगातही दावा दाखल केला आहे. तेथे ‘खरेदी व्यवसायासाठी होती’ असा आक्षेप येणार हे गृहीत धरा. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात त्यातून सूट आहे, हे अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा. माझी डाय अजून परत मिळालेली नाही. कोणी स्वस्तात जुनी रिंग डाय विकायला आणली, तर आधी तिचे मूळ बिल मागा.